‘केस प्रोसेसमध्ये आहे’ म्हणजे नेमकं काय?

चिंचवडला आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारा मुलगा एका शनिवारी दुपारी फोन हातात धरूनच वर आला. स्पीकर चालू होता, पलीकडे होल्डचं संगीत वाजत होतं. “काकू, सतरा मिनिटं झाली,” तो म्हणाला. थोड्या वेळाने एका मुलीचा आवाज आला. तिने नाव विचारलं, मोबाइलचे शेवटचे चार आकडे विचारले आणि सांगितलं, “सर, तुमची केस प्रोसेसमध्ये आहे. लीगल टीम बँकेच्या संपर्कात आहे.” याने विचारलं, “कुठल्या बँकेच्या?” तिने पुन्हा होल्डवर टाकलं.

त्याची चार खाती थकली होती: दोन क्रेडिट कार्डं, एक वैयक्तिक कर्ज आणि ॲपवरून घेतलेलं एक छोटं कर्ज. भोसरीच्या कारखान्यातला ओव्हरटाइम बंद झाला आणि पगारातून चार हप्ते निघेनात. त्यातच मोबाइलवर जाहिरात दिसली, कर्ज निम्म्यात मिटवून देऊ, वसुलीचे फोन आम्ही घेऊ. ओटीपी टाकून त्याने करारावर सही केली आणि चार महिने दरमहा शुल्क भरलं. त्या चार महिन्यांत त्याच्या पदरात पडलं ते हे एकच वाक्य.

मी बँकेत नोकरी केली, त्यातली काही वर्षं वसुलीच्या टेबलावर काढली. अशा कंपन्यांची पत्रं तेव्हा आमच्याकडेही येत. काही पत्रं व्यवस्थित असत. खाते क्रमांक, कर्जदाराचं अधिकारपत्र, उत्पन्न का घटलं त्याचा पुरावा, किती रक्कम कधी भरता येईल याचा आकडा, सगळं जोडलेलं. त्यांच्यावर आम्ही खरोखर विचार करायचो. काही पत्रांत मात्र खाते क्रमांकसुद्धा चुकलेला असे, आणि ती फायलीत पडून राहत. दोन्ही प्रकारच्या कर्जदारांना पलीकडून बहुधा हेच ऐकवलं जात असणार, की केस प्रोसेसमध्ये आहे. म्हणून त्या दुपारी मी त्याला म्हटलं, फोन ठेव आणि लॅपटॉप घेऊन ये. आपण त्यांना लिहून विचारू.

त्याआधी हा धंदा कसा चालतो ते समजून घ्यायला हवं, कारण ग्राहक सेवेच्या उत्तरांमागचं कारण तिथेच सापडतं. या कंपन्या बहुतेक करून विनातारण कर्जं घेतात, म्हणजे कार्डं आणि वैयक्तिक कर्जं. घर किंवा गाडी तारण असेल तर बँकेला तडजोडीची घाई नसते. विनातारण कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की ते खातं अनुत्पादक ठरतं. मग बँकेला त्यापोटी नफ्यातून तरतूद करावी लागते, आणि महिने जातील तशी ती वाढत जाते. अशा वेळी पूर्ण रकमेच्या मागे दोन वर्षं धावण्यापेक्षा आज हातात येणारी निम्मी रक्कम बँकेला बरी वाटू लागते. एकरकमी तडजोडीचा सगळा खेळ या एका गोष्टीवर उभा आहे. कंपनीकडे जादूची कांडी नसते. खातं पुरेसं थकण्याची ती वाट पाहत असते, आणि पुष्कळदा हप्ते थांबवून ते पैसे बाजूला साठवा असा सल्लाही देते.

म्हणजे पहिले काही महिने खरोखरच काही घडत नसतं. हे करार करतानाच स्पष्ट सांगितलं, तर त्यात लपवाछपवी नाही. पण करार विकणारा वेगळा, फोन उचलणारा वेगळा आणि बँकेशी बोलणारा तिसराच. विकणाऱ्याने काय कबूल केलं ते फोन उचलणाऱ्या मुलीला ठाऊक नसतं, आणि बँकेला काय लिहिलं ते तिच्यासमोरच्या पडद्यावर नसतं. तिथे एक शेरा असतो, तो ती वाचून दाखवते. तिच्यावर ओरडून काही हाती लागत नाही. ती नोकरी करते आहे, आणि तिच्या हातात तेवढंच दिलं आहे.

आता मुख्य गोष्ट. अशा कंपनीला अधिकारपत्र दिलं की कायद्याच्या भाषेत आपण धनी होतो आणि ती आपली मुखत्यार. बँकेच्या खिडकीपुढे उभे असताना आपण कर्जदार असतो, मान खाली घालून बोलतो. तीच सवय घेऊन आपण या कंपनीच्या ग्राहक सेवेशीही बोलतो. “जरा बघा ना सर, काही होतं का?” इथे मात्र नातं उलटं आहे. आपण काम सांगितलं आहे आणि कामाचे पैसे भरले आहेत. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या कलम २१३ नुसार धन्याने मागणी केली की मुखत्याराने नीट हिशोब दिलाच पाहिजे. त्यामुळे कामाचा हिशोब मागताना उपकार मागितल्यासारखं वाटून घ्यायचं कारण नाही.

आम्ही लिहिलेलं पत्र साधंच होतं. त्यातला मजकूर असा: “माझ्या नोंदणीखाली चार कर्जखाती आहेत. प्रत्येक खात्यासाठी पुढील माहिती लेखी द्यावी. माझ्या वतीने आपण कर्ज देणाऱ्या संस्थेला पहिले पत्र कोणत्या तारखेला पाठवले, कोणत्या पत्त्यावर पाठवले, त्याचे उत्तर आले का, आले असल्यास काय आले. पत्र व उत्तर दोन्हींच्या प्रती जोडाव्यात. आजवर माझ्याकडून घेतलेल्या रकमेचा तारीखवार हिशोब व जीएसटीची बिले द्यावीत. पुढील तीस दिवसांत कोणत्या खात्यावर काय करणार ते कळवावे. उत्तर दहा दिवसांत ई-मेलवरच अपेक्षित आहे.” खाली नाव, नोंदणी क्रमांक आणि करार केल्याची तारीख.

या पत्रात ‘प्रगती’ हा शब्द नाही. प्रगती कुठवर आली असं विचारलं की उत्तर प्रोसेसमध्येच राहतं. कोणत्या तारखेला कोणाला काय लिहिलं असं विचारलं की एक तर तारीख सांगावी लागते, नाही तर लिहिलेलं नाही हे उघड होतं. फोनवर बोलणं टाळता आलं नाही, तर फोन ठेवल्यावर लगेच दोन ओळींचा ई-मेल टाकावा: “आज दुपारी चार वाजता आपल्या प्रतिनिधीने मला असे सांगितले. यात काही चूक असल्यास कळवावे.” तक्रारीचा क्रमांक मिळाला असेल तर तोही लिहावा. पुढे भांडण उभं राहिलं तर हे दोन ओळींचे ई-मेलच कामाला येतात.

त्याला चौथ्या दिवशी कोणा वरिष्ठाचा फोन आला. आवाज गोड होता. मुलाने ठरल्याप्रमाणे “मेलवर द्या” एवढंच सांगितलं. नवव्या दिवशी उत्तर आलं. चारपैकी दोनच खात्यांची पत्रं गेली होती. त्यातलं एक बँकेच्या सर्वसाधारण ग्राहक सेवेच्या पत्त्यावर गेलं होतं, तिथून वसुली विभागापर्यंत ते पोचल्याची खूण नव्हती. ॲपवालं कर्ज देणाऱ्या संस्थेने दरम्यान एका मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकून टाकलं होतं आणि आपल्या मुखत्याराला त्याचा पत्ताच नव्हता. चौथ्या खात्याबद्दल एक अक्षर नाही. चार महिन्यांच्या फोनांवर जे कळलं नव्हतं ते एका पानाने कळलं.

कर्ज आज कोणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न म्हणूनच आधी विचारायचा. थकलेली कर्जं विकली जातात, आणि ज्याच्याकडे ते आता नाही त्याच्याशी केलेली तडजोड कागदावरच राहते. स्वतःचा पत-अहवाल काढला तर कर्ज कोणाच्या नावावर दिसतं ते कळू शकतं. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य द्यायचा आहे. त्यासाठी कोणाला पैसे देऊ नयेत.

पैशांचा हिशोबही एकदा कागदावर मांडून पाहायला हवा. समजा, कंपनीकडे गेलात त्या दिवशी कार्डाची बाकी ३,००,००० रुपये होती. हप्ते थांबवले. व्याज आणि दंड चढून दहा महिन्यांत ती ३,८०,००० झाली. बँक निम्म्यावर, म्हणजे १,९०,००० वर तयार झाली. कंपनी म्हणते, तुमचे १,९०,००० वाचले, त्यावर १५ टक्के आमचं शुल्क. ते झाले २८,५००, आणि १८ टक्के जीएसटी धरून ३३,६३०. दरमहा २,००० असं दहा महिन्यांचं शुल्क करासह २३,६००. सगळं मिळून तुमच्या खिशातून गेले २,४७,२३०. ज्या दिवशी दार ठोठावलंत त्या दिवशीच्या बाकीशी ताडून पाहिलं तर वाचले ५२,७७०. आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण कुठल्याही कराराला हे गणित लावता येतं. ग्राहक सेवेला लेखी विचारायचं ते हे: ‘बचत’ तुम्ही कोणत्या तारखेच्या रकमेवरून मोजता? एखादं खातं मिटलंच नाही तर घेतलेल्या शुल्कापैकी किती परत मिळतं? आणि करार मध्येच सोडला तर? करारात याची उत्तरं असायला हवीत. नसतील तर पुढचा हप्ता भरण्याआधी ती मिळवावीत.

अमेरिकेत हा प्रश्न फेडरल ट्रेड कमिशनने २०१० मध्ये नियम करून सोडवला. फोनवरून गिऱ्हाईक मिळवणाऱ्या कर्जमुक्ती कंपन्यांनी, किमान एक कर्ज मिटून ग्राहकाने त्या तडजोडीखाली एक तरी हप्ता भरेपर्यंत, शुल्क घ्यायचंच नाही. ब्रिटनमध्ये कर्जाबद्दल सल्ला देणाऱ्यांना वित्तीय नियामकाची परवानगी लागते, आणि स्टेपचेंजसारख्या धर्मादाय संस्था हेच काम विनामूल्य करतात. आपल्याकडे कर्ज मिटवून देणाऱ्या कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेचा वेगळा परवाना नाही. बँक किंवा वित्तसंस्था रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली असते. ही कंपनी नसते, तिच्या संकेतस्थळावर कितीही शिक्के दिसोत. कर्जमाफीचं प्रमाणपत्र देतो म्हणून शुल्क उकळणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये लोकांना जाहीरपणे सावध केलं होतं, ते याच काळजीतून.

ग्राहक सेवेकडून मिळणाऱ्या सल्ल्यांपैकी एका सल्ल्याचा मला खरोखर राग येतो. “नोटीस आली तर घाबरू नका, दुर्लक्ष करा, आम्ही बघतो.” घाबरू नये हे बरोबर. नुसता हप्ता थकला म्हणून पोलीस पकडून नेत नाहीत, तो दिवाणी मामला आहे. पण दुर्लक्ष करून चालत नाही. कर्ज घेताना दिलेला धनादेश न वटता परत आला तर परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली ३० दिवसांच्या आत नोटीस येऊ शकते. ती हातात पडल्यापासून पैसे भरायला १५ दिवस असतात, आणि ते संपले की फौजदारी तक्रार दाखल होऊ शकते. खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता पैशांअभावी परत गेला तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५ याच धर्तीवर लागतं. हप्ते थांबवा म्हणणाऱ्या कंपनीने हे आधी सांगितलं होतं का, हेही लेखी विचारावं. नोटीस आली त्या दिवशीच पाकिटासकट फोटो काढून कंपनीला पाठवावा, आणि उत्तर कोण, कोणत्या तारखेपर्यंत देणार ते विचारावं. दोन दिवसांत स्पष्ट उत्तर आलं नाही तर सरळ वकिलाकडे जावं. महिला, अनुसूचित जाती-जमातींतले लोक आणि ठरावीक मर्यादेखालचं उत्पन्न असलेले यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो. त्याचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं.

दुसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. पैशांच्या साध्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. पण मुदत संपण्याआधी कर्ज लेखी कबूल केलं तर मोजणी त्या तारखेपासून पुन्हा सुरू होते. १९६३ च्या मुदत कायद्याचं कलम १८ असं सांगतं, आणि ही सही मुखत्याराने केलेलीही चालते. म्हणजे तुमच्या नावाने कंपनी काय लिहिते आहे हे तुम्हाला माहीत नसेल, तर तुमच्या वतीने ती काय कबूल करून बसली आहे हेही माहीत नसतं. पत्रांच्या प्रती मागायच्या त्या यासाठीही. कर्ज बुडवा असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. घेतलं ते फेडावं असंच मी मानते, आणि फेडणाऱ्याला आपल्या नावावर काय लिहिलं गेलं हे दिसायलाच हवं.

वसुलीचे फोन कंपनीकडे वळवतो असं आश्वासन मिळालं तरी बँकेत नोंदवलेला आपला मोबाइल, ई-मेल आणि घरचा पत्ता बदलू नये. तिथे कंपनीचा नंबर गेला की बँकेचं खरं पत्रही तिकडेच जातं. एखादी चांगली तडजोड चार दिवसांसाठी खुली असते, आणि ती तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत मुदत संपते. एजंटांच्या त्रासावर वेगळा उपाय आहे. ऑगस्ट २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर थकबाकीसाठी फोन करता येत नाही. धमकावणं, नातेवाईकांना किंवा मित्रांना फोन करणं, चारचौघांत अपमान करणं हेही चालत नाही. यातलं काही घडलं तर तारीख, वेळ आणि नंबर लिहून बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याकडे पाठवायचं. एजंट कुठल्याही संस्थेचा असो, त्याच्या वागण्याची जबाबदारी बँकेची असते.

इथे बऱ्याच जणांची गफलत होते. बँकेविरुद्ध तक्रार असेल तर आधी बँकेकडे लेखी द्यायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपालाकडे जायचं. २०२१ साली सुरू झालेली ही व्यवस्था विनामूल्य आहे, आणि १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. पण कर्ज मिटवून देणाऱ्या कंपनीची तक्रार घेऊन लोकपालाकडे गेलात तर ती तिथे ऐकली जाणार नाही, कारण ती कंपनी त्यांच्या कक्षेत येत नाही. पैसे घेऊन काम न करणं ही सेवेतली त्रुटी आहे. तिच्यासाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आणि जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यापासून आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, म्हणजे कंपनीचं कार्यालय गुरुग्रामला असलं तरी चिंचवडच्या माणसाला पुण्याच्या आयोगात दाद मागता येते. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, आणि भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर दाखल करायला फी नाही. पैसे घेऊन कंपनीच गायब झाली असेल तर १९३० वर फोन करायचा, आणि तोही त्याच दिवशी.

करार इंग्रजीत असतो, ॲप इंग्रजीत, आणि फोन बहुधा हिंदीत. आपल्याला ज्या भाषेत हिशोब कळतो त्या भाषेत तो मागायला लाजू नये. कर्जदाराशी त्याला समजेल अशा भाषेत व्यवहार करावा असं बिगर-बँक वित्तसंस्थांसाठीच्या रिझर्व्ह बँकेच्या आचारसंहितेत म्हटलेलंच आहे. आमचं पत्र मराठीत गेलं, उत्तर इंग्रजीत आलं, पण आलं.

आपल्या भागात तर कागदासाठी माणसं पेटून उठलेली आहेत. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. पुढे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत ते लोण पसरलं. जिथे जिथे उठाव झाला तिथे मागणी एकच होती, आमचे कर्जरोखे बाहेर काढा. ज्याने रोखे दिले त्याला बहुधा हात लागला नाही. अंगठा उठवलेल्या त्या कागदात काय लिहिलं आहे हे कर्जदाराला वाचता येत नव्हतं, आणि रकमा वाढत होत्या त्या त्याच कागदावर. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला आणि पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. त्यात न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन मुळापासूनचा हिशोब तपासता येऊ लागला. भरलेल्या पैशांची पावती कर्जदाराने न मागताही द्यायची होती. मागितल्यास वर्षाचा हिशोब द्यायचा, पासबुक द्यायचं. दावा लावण्याआधी सरकारने नेमलेल्या मध्यस्थाकडे समेटाचा प्रयत्न करायचा, त्याच्या दाखल्याशिवाय दावाच चालायचा नाही. त्या मध्यस्थापुढे ठरलेला करार लेखी होऊन न्यायालयात जाई, तोंडी राहत नसे. पावती, हिशोब आणि लेखी समेट या तीन गोष्टींसाठी इथल्या माणसांनी तुरुंगवास भोगला आहे. आज ॲपच्या पडद्यावर ‘अंडर निगोशिएशन’ एवढी अक्षरं दिसली की आपण गप्प बसतो, याचं मला वाईट वाटतं.

तडजोड खरोखर जमली तर पत्र कोणाचं हे पाहायचं. कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र उपयोगाचं नाही. ते कर्ज देणाऱ्या संस्थेचं हवं, तिच्या अधिकृत ई-मेलवरून आलेलं. त्यात खाते क्रमांक, ठरलेली रक्कम, भरण्याच्या तारखा आणि ही रक्कम भरल्यावर काही येणं राहणार नाही असं स्पष्ट वाक्य हवं. पत्र आलं की संस्थेच्या संकेतस्थळावरचा नंबर शोधून किंवा शाखेत जाऊन ते खरं असल्याची खात्री करावी. पत्रावर छापलेल्या नंबरवर खात्री करू नये. पैसे कर्जखात्यातच भरावेत. एजंटाच्या किंवा कंपनीच्या यूपीआयवर कधीही नाही, कितीही घाई केली तरी नाही. भरल्यावर ना-थकबाकी दाखला घ्यावा, दिलेले कोरे धनादेश परत मागावेत, आपोआप कापणीची परवानगी रद्द झाली का ते बघावं.

आणि पत-अहवालात काय लागणार याची आधीच तयारी ठेवावी. पूर्ण फेडलं तर खातं ‘क्लोज्ड’ दिसतं, तडजोडीने मिटलं तर ‘सेटल्ड’. पुढचं कर्ज देणारा हा फरक पाहतोच. जून २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या चौकटीनुसार, शेतीकर्ज सोडून इतर कर्जांत तडजोड केलेल्या संस्थेला त्याच माणसाला नवं कर्ज द्यायच्या आधी किमान १२ महिने थांबावं लागतं. “सिबिलला काही होणार नाही” असं ग्राहक सेवेतून सांगितलं गेलं तर तेवढं एक वाक्य ई-मेलवर मागून पाहा. अहवालात नोंद चुकीची लागली तर मात्र गप्प बसू नये. तक्रार केल्यापासून ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद एप्रिल २०२४ पासून आहे.

खालच्या मजल्यावरच्या त्या मुलाला मी शेवटी विचारलं, “बँकेत स्वतः कधी गेलास?” तो गेलाच नव्हता. कंपनीने जाऊ नका असं सांगितलं होतं. मुखत्यार नेमला म्हणून धन्याची बोलती बंद होत नाही. ज्याच्याकडे पैसे द्यायचे त्याच्याशी थेट बोलायला कुठलाही कायदा आड येत नाही. नोकरी गेली, आजारपण आलं, उत्पन्न घटलं याचे कागद घेऊन शाखेत गेलं तर कार्डाची बाकी हप्त्यांत बदलून मिळू शकते, कर्जाची मुदत वाढवून मिळू शकते. लोक अदालतीत थकलेल्या कर्जांची प्रकरणं नेहमी घेतली जातात. तिथल्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ असतं, त्यावर अपील नसतं आणि फी लागत नाही. प्रत्येक जिल्ह्यातल्या अग्रणी बँकेकडे आर्थिक साक्षरता केंद्राची चौकशी करता येते, तिथे सल्ला फुकट मिळतो. याउलट एखादा प्रतिनिधी दिवाळखोरी कायद्याखाली तुम्हाला संरक्षण मिळवून देतो म्हणाला, तर सावध व्हावं. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग सामान्य पगारदार कर्जदारांना अजून लागू केलेला नाही.

सगळ्याच कंपन्या वाईट असं मी म्हणणार नाही. चार ठिकाणच्या फोनांनी माणूस इतका गळून जातो की कागद उघडायचीही हिंमत राहत नाही, आणि अशा वेळी कोणी आपल्या वतीने बोलतंय एवढ्याने रात्री झोप लागते. त्याची किंमत आहे. तारीखवार हिशोब मागितल्यावर जी कंपनी तो चार दिवसांत पाठवते, तिच्याकडे राहायला हरकत नाही.

त्याने न राहायचं ठरवलं. अधिकारपत्र रद्द करण्याचं पत्र आम्ही दोघांनी मिळून लिहिलं. करार कायद्याच्या कलम २०८ मधली एक बारीक गोष्ट इथे महत्त्वाची असते. अधिकार काढून घेतल्याचं मुखत्याराला कळेल तेव्हा ते त्याच्यापुरतं लागू होतं, आणि तिसऱ्या पक्षाला कळेल तेव्हा त्याच्यापुरतं. म्हणजे फक्त कंपनीला कळवून भागत नाही, कर्ज देणाऱ्यांनाही कळवावं लागतं. नाही तर ती कंपनी उद्याही त्याच्या नावाने काही लिहू शकते आणि बँक ते खरं धरू शकते. म्हणून एक पत्र कंपनीला, आणि त्याच्या प्रती दोन कार्डांच्या बँकांना, वैयक्तिक कर्जाच्या संस्थेला आणि ॲपचं कर्ज विकत घेतलेल्या पुनर्रचना कंपनीला. दरमहा शुल्क कापायची परवानगी त्याने त्याच संध्याकाळी बँकेच्या ॲपमधून बंद केली. सोमवारी कामावर जाण्याआधी चिंचवडच्या पोस्टात जाऊन त्याने पाचही पाकिटं स्पीड पोस्टाने टाकली आणि पाच पावत्या त्या नऊ दिवसांनी आलेल्या उत्तराला टाचणीने लावून ठेवल्या. पुढच्या शनिवारी तो पहिल्या बँकेच्या शाखेत निघाला तेव्हा फाइल त्याच्या काखेत होती.